चौथ्या शिट्टीनंतर

विद्यार्थ्यांनी केलेल्या लघुपटाचा ट्रेलर लागला की पडद्यावर बहुतेक वेळा सगळ्यात आधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं. कुठल्या तरी खऱ्या ट्रेलरमधून उचललेलं, वरचं नाव पुसून आपलं घातलेलं, 'यूए' मात्र तसंच ठेवलेलं. लघुपट जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचा, कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये दाखवायचा आणि मग यूट्यूबवर चढवायचा. त्याला हे प्रमाणपत्र लागत नाही आणि कुणी दिलेलंही नसतं. "मग हे कशाला?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "मॅम, त्याच्याशिवाय ट्रेलरचा फील येत नाही."

सरकारी कागदाची नक्कल करायची नाही, हे मी ठणकावून सांगते आणि तो तुकडा काढायला लावते. पण त्या उत्तरामागची ओढ मला कळते. ज्या मुलाने ट्रेलर बघत बघत सिनेमावर जीव लावला, त्याची छाती तो कागद दिसला की धडधडायला लागते. आता काहीतरी सुरू होणार! ती धडधड त्याला स्वतःच्या कामातही हवी असते. संकेत, म्हणजे ठरून गेलेल्या रीती, आपल्याला चिकटतात ते असे, आठवणीतून. ते कशासाठी सुरू झाले होते, हे मागेच राहून जातं.

मी पोस्टरं करते आणि मास मीडियाच्या मुलांचं चित्रपट-प्रसिद्धीचं प्रात्यक्षिक घेते. स्वतःच्या लघुपटाचं पोस्टर, एक टीझर किंवा ट्रेलर, आणि सोबत एक टिपण: या प्रकारच्या चित्रपटाचे कोणते संकेत पाळले, कोणते मोडले, आणि का. इंग्लंडमध्ये ए लेव्हलला, म्हणजे साधारण आपल्या अकरावी-बारावीला, मीडिया स्टडीज घेणाऱ्या मुलांनाही वर्षानुवर्षं साधारण हाच प्रश्न सोडवावा लागला आहे. प्रश्न चांगला आहे. पण 'मोडले' या रकान्यात काहीतरी भरलंच पाहिजे असं मुलांना वाटतं, आणि मग मोडतोड सुरू होते.

ही कामं तपासताना मला एक गोष्ट सतत दिसत आली आहे. मुलं जे मोडतात ते बहुधा प्रेक्षकाला हवं असतं, आणि जे जिवापाड पाळतात त्याची कुणालाच गरज नसते. चित्रपटाचं नाव वाचता येऊ देत नाहीत. गोष्ट भयाची आहे की प्रेमाची, याचा पत्ता लागू देत नाहीत. त्याला बंडखोरी म्हणतात. त्याच पोस्टरच्या तळाशी मात्र उभट, चेपलेल्या अक्षरांतली श्रेयनामावलीची पट्टी अगदी नेमाने बसवलेली असते.

ती पट्टी तशी का दिसते? हॉलिवूडमध्ये पोस्टरवर कुणाचं नाव किती मोठं छापायचं हे करारात लिहिलेलं असतं, आणि ते माप बऱ्याचदा चित्रपटाच्या नावाच्या आकाराशी बांधलेलं असतं. अक्षरांची उंची कमी करायची सोय नाही आणि जागा तर तेवढीच, म्हणून ती रुंदीत चेपली. वकिलांच्या कागदांनी घडवलेलं अक्षर आहे ते. आमच्या मुलांच्या गटात चार-पाच जण असतात. लेखक, दिग्दर्शक, छायालेखक, संकलक, निर्माते सगळे तेच. कुणाचा कुणाशी करार नाही. आता 'खंड', 'तेको' असे अरुंद देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात, त्यामुळे ही पट्टी मराठीतही झकास बसते आणि फोनवर पाहिलं तर एक करडी रेघ उरते. त्याच चार-पाच जणांची नावं नीट, वाचता येतील अशी लिहिली तर घरचे कौतुकाने झूम करून बघतील. हे मी दर वर्षी सांगते. काही ऐकतात.

महोत्सवात निवड झाल्याची खूण म्हणून पानांच्या दोन डहाळ्यांमध्ये महोत्सवाचं नाव लिहितात, तो प्रकारही तसाच. चित्रपट अजून कुठे पाठवलेलाही नसतो, पण डहाळ्या आलेल्या असतात. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही, त्या काढायच्या.

आपल्याकडचं पोस्टर कशासाठी जन्मलं ते बघितलं की बाकीचं आपोआप उलगडतं. तीस बाय चाळीस इंचांचा कागद, मागे खळ लावून भिंतीवर डकवलेला. समोरून बस जाते, सायकली जातात, बाजाराला निघालेली माणसं जातात. त्यांना लांबून, चालता चालता कळलं पाहिजे की कोण आहे आणि कशाबद्दल आहे. म्हणून चेहरे मोठे, म्हणून भडक रंग, म्हणून खलनायकाचा चेहरा हिरवा-निळा. त्याही आधी, १९१३ मध्ये फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'ची जाहिरात केली तेव्हा सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र आणि दर फक्त तीन आणे, असा मजकूर होता. हरिश्चंद्राची गोष्ट लोकांना पाठ होती, ती काय सांगायची? नवल होतं ते चित्र हलतं याचं, म्हणून जाहिरातही त्याचीच. पुढे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी पोस्टरात चित्रकाराचा हात आणला. त्यांच्या १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर आज हाती असलेल्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत सगळ्यात जुनं मानलं जातं. पेंटर आधी नाटकांचे पडदे रंगवत होते. पोस्टर काय किंवा पडदा काय, शेवटच्या रांगेतल्या माणसाला ते दिसलं पाहिजे, ही अट दोन्हीकडे एकच.

आमच्या मुलांचं पोस्टर भिंतीवर कधीच लागत नाही. ते व्हॉट्सअॅपवर फिरतं, इन्स्टाग्रामवर अंगठ्याखालून सरकतं. लांबून बघणारा माणूस गेला, त्याच्या जागी घाईत बघणारा आला. तरी त्याची अट जुनीच आहे: कोण आहे, कशाबद्दल आहे, मला यात काय मिळणार. स्टीव्ह नील या इंग्रज अभ्यासकाने १९८० मध्येच लिहून ठेवलं की चित्रपटप्रकार म्हणजे पुनरावृत्ती आणि फरक या दोहोंचा खेळ. प्रेक्षकाला ओळखीचं हवं असतं आणि तेच ते नको असतं. मुलांना यातला 'फरक' पटकन आवडतो. पुनरावृत्तीही कौशल्याचं काम आहे, हे पटायला वेळ लागतो.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण मला अक्षरांत सापडतं. थरारपटाच्या टीझरमध्ये नाव कसं येतं ते आठवा. काळा पडदा, पांढरी रोमन कॅपिटल अक्षरं, मध्ये भरपूर मोकळी जागा, आणि ती जागा हळूहळू वाढत जाते. रोमन अक्षरं मुळात सुटीच, त्यांना हे शोभतं. मुलं मराठी नावालाही तेच करायला जातात. शिरोरेषेचे तुकडे होतात, काना एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे जातं. त्यात सॉफ्टवेअरमधलं अक्षरं जुळवणारं टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाई लिप्यांसाठी बदललेलं नसेल तर आणखी पंचाईत: जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसते, 'रात्र'मधला 'त्र' पाय मोडलेला 'त' आणि सुटा 'र' असा उभा राहतो. अशा वेळी मुलं काय करतात? नाव इंग्रजी लिपीत लिहितात. मराठी चित्रपटाचं मराठी नाव, पोस्टरवर रोमनमध्ये, का, तर तिथे संकेत नीट चालतो म्हणून. मला हे फार लागतं.

कारण आपल्याकडे याची स्वतःची, भक्कम परंपरा आहे. मराठी नाटकांच्या वर्तमानपत्रातल्या जाहिराती घ्या. रंग नाही, फोटो असला तर शिक्क्याएवढा, सगळा भार नावाच्या अक्षरांवर. कमल शेडगे यांनी त्या नावांना असं वळण दिलं की विनोदी नाटक, ऐतिहासिक नाटक, घरातल्या कलहाचं नाटक अक्षरावरूनच ओळखावं. २०२० मध्ये ते गेले, तेव्हा माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं, पण त्यांची अक्षरं प्रत्येकाने घरी कुठे ना कुठे पाहिलेली होती. मी मुलांना रेफरन्स आणायला सांगते तेव्हा ते हॉलिवूडचे स्क्रीनशॉट आणतात. त्यांच्यासोबत जुन्या नाटकांच्या जाहिरातींची कात्रणं मी आणते आणि दोन्ही एकाच फळ्यावर लावते.

त्या फळ्यासमोरून एक गट उठला आणि त्याने शिरोरेषेचंच काम करायचं ठरवलं. लघुपट दोन भावांतल्या घराच्या वाटणीचा. नाव तीन अक्षरी. टीझरमध्ये ते एकसंध येतं, वर सलग रेघ. खाली भिंतीचं काम चालल्याचा आवाज, थापीचा, विटा ठेवल्याचा. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या अक्षराच्या मध्ये शिरोरेषेला चीर जाते आणि तिसरं अक्षर किंचित खाली बसतं. बस एवढंच. अक्षरं दूर जाण्याचा संकेत त्यांनी पाळला, पण त्या दूर जाण्याला त्यांच्या गोष्टीतलं कारण मिळालं, आणि ते फक्त देवनागरीतच जमलं असतं. तो गट टिपणात लिहायला बसला तेव्हा 'पाळला' की 'मोडला' यावर त्यांची चांगली अर्धा तास जुंपली होती. मी मध्ये पडले नाही.

आता शीर्षकातल्या शिट्टीचा तो कुकर.

मराठी भयपटाच्या प्रसिद्धीचं साहित्य म्हणजे काय काय असतं, हे कुणालाही पाठ आहे. वाडा. विहीर. हलणारा झोपाळा, वर कुणी नाही. कंदील. मोकळे केस. अंगाईची ओळ, मध्येच बेसूर झालेली. हिरवट-निळं ग्रेडिंग, म्हणजे सगळ्या दृश्यावर चढवलेली रंगछटा. मग तुकडे, काळोख, तुकडे, काळोख, शांतता, आणि अगदी शेवटी अंगावर येणारा चेहरा. भयाचा लघुपट करायला निघालेल्या, मुंबईच्या उपनगरातल्या माझ्या चौघा विद्यार्थ्यांकडे वाडा नव्हता, विहीर नव्हती, भाड्याचे लाइट आणायला पैसे नव्हते. एकीच्या मावशीचं डोंबिवलीतलं वन बीएचके होतं, तेही मावशी कामावर गेल्यावर, दुपारचं. पहिल्या मसुद्यात त्यांनी खिडक्यांना चादरी लावून रात्र करायचा प्रयत्न केला होता आणि ते बघवत नव्हतं. मग त्यांनी चादरी काढल्या.

टीझर साधारण पन्नास सेकंदांचा. स्वयंपाकघर, लख्ख ऊन, ओट्यावर कुकर. कॅमेरा हलत नाही. पहिली शिट्टी. बाहेर भाजीवाल्याचा आवाज, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढतं. दुसरी शिट्टी. फ्रेमच्या कडेला स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं, त्यापलीकडे हॉलमधला पंखा फिरताना दिसतो. तिसरी शिट्टी. इथे प्रत्येक मराठी माणसाचा हात मनातल्या मनात गॅसच्या बटणाकडे जातो. तीन शिट्ट्या झाल्या, आता कुणीतरी येईल. कुणी येत नाही. चौथी. भाजीवाल्याचा आवाज आता नाही. पंखा थांबलेला आहे, पण तो केव्हा थांबला ते आपल्या लक्षातच आलेलं नाही. पाचवी शिट्टी नेहमीपेक्षा लांब, इतकी लांब की ती शिट्टी आहे की दुसरं काही असा संशय यावा. काळा पडदा. नाव.

वर्गात हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मागून एक मुलगी जवळजवळ ओरडली, "अरे बंद करा ना तो गॅस!" आणि कुणी हसलं नाही.

मी त्या टीझरवर मुलांशी खूप बोलते, कारण त्यात काय मोडलं आहे आणि काय जपलं आहे हे हाताने दाखवता येतं. अंधार गेला, वाडा गेला, भूत गेलं, चेहरा गेला. पण भयपटाच्या टीझरचा सांगाडा जसाच्या तसा आहे. ठरावीक अंतराने येणारा एक आवाज, दर वेळी थोडा वाढणारा. दोन आवाजांमधली शांतता, दर वेळी जड होणारी. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मोठ्या ट्रेलरमध्ये भोंग्यासारखा जो दणका ऐकू येतो त्याच जागी त्यांनी शिट्टी बसवली. तो दणका बाजारातून आणलेला असतो, शिट्टी आपल्या घरची आहे, आणि तिचे नियम आपल्याला आईने शिकवलेले आहेत. भीती त्या नियमातून तयार झाली. एका मुलाने विचारलं होतं की हा टीझर परदेशात कुणाला कळेल का. मला वाटतं भारतीय स्वयंपाकघर ठाऊक असलेल्याला कळेल आणि इतरांना थोडा कमी कळेल, आणि त्यात काही बिघडत नाही.

(त्याच गटाचं पोस्टर मात्र साधंच होतं. दुधी काचेमागे हाताचा पंजा. टीझरमध्ये इतकं धाडस केल्यावर पोस्टरला दम उरला नसावा. असं होतं.)

संकेत मोडणाऱ्यांची नावं निघाली की दोन उदाहरणं वर्गात हमखास येतात. एक 'सायको' या भयपटाचा १९६० चा ट्रेलर. साडेसहा मिनिटं दिग्दर्शक हिचकॉक स्वतः त्या मोटेलमधून आणि घरातून फिरत राहतो, घर दाखवायला आलेल्या दलालासारखा, आणि चित्रपटातलं एकही दृश्य दाखवत नाही. शेवटी न्हाणीघराचा पडदा बाजूला होतो आणि एक बाई किंचाळते, तीही चित्रपटात तिथे असलेली बाई नव्हे, तिच्यासारखा विग घातलेली त्याच चित्रपटातली दुसरी नटी, व्हेरा माइल्स, आहे. मुलांना हे फार भारी वाटतं. पण तो माणूस तोवर टीव्हीवरून घराघरांत पोचलेला होता. त्याचा चेहरा हाच भयाचा संकेत होता, आणि तो पूर्णवेळ समोर होता. बाकी सगळं सोडून देणं त्याला परवडलं ते त्यामुळे.

दुसरं उदाहरण १९९९ चा 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' हा अमेरिकी भयपट. करणारी मंडळी फ्लोरिडातल्या फिल्म स्कूलमधून बाहेर पडलेली, पैसे नाहीत, नट अनोळखी. त्यांनी वेबसाइटवर खऱ्यासारखी कागदपत्रं मांडली, महोत्सवात नटांच्या फोटोंची 'हरवले आहेत' अशी पत्रकं वाटली. भयपटाची जाहिरात जाहिरातीसारखी दिसलीच नाही. विद्यार्थ्यांना यात आपलं प्रतिबिंब दिसतं आणि ते साहजिक आहे. एका गटाने तशीच योजना आणली होती: नायिकेचा फोटो, 'हरवली आहे', खाली क्यूआर कोड, आणि हे कागद एसटी स्टँडवर आणि रिक्षा थांब्यांवर चिकटवायचे.

मी नाही म्हटलं, आणि याबाबत माझं मत पक्कं आहे. आपल्या स्टँडवरच्या खांबांवर असे कागद खरोखर असतात. ते लावणारे आईबाप खरे असतात. त्यांच्या शेजारी आपण खोटा कागद लावला तर एखादी बाई थांबून तो चेहरा आठवायचा प्रयत्न करील, कदाचित पोलिसांना फोनही करील, आणि पुढच्या वेळी खऱ्या कागदासमोर थांबणार नाही. चित्रपटप्रकाराचा संकेत मोडायला माझी कधीच ना नसते. पण हा संकेत सिनेमाचा नाही, रस्त्याचा आहे, आणि त्यावर कुणाचं तरी घर अवलंबून आहे. मुलांनी वाद घातला, मग एकीने तिच्या गावातलं एक प्रकरण सांगितलं आणि वाद थांबला. पत्रक त्यांनी शेवटी चित्रपटातच वापरलं, एका दृश्यात, भिंतीवर. चांगलं वापरलं.

एक काम मात्र अजून माझ्या मनात घोळतं. बीड जिल्ह्यातली मुलगी, घरात ऊसतोडीचा अनुभव, लघुपट त्यावरच. ग्रामीण चित्रपटाच्या पोस्टरचे संकेतही आता घट्ट झाले आहेत. पिवळी धूळ, तिरपं ऊन, मोठ्या डोळ्यांचं मूल कॅमेऱ्यात बघणारं, आणि अलीकडे ड्रोनवरून दिसणारं उसाचं रान. वर्गातल्या शहरी मुलांनी तिला प्रेमाने हेच सगळं सुचवलं. ती म्हणाली, "आमच्याकडे वरून कुणी बघत नाही, मॅम." तिने ऊसतोड मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीचं पान घेतलं. उचल, म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम, किती, कुणाच्या कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, किती, किती फिटली, किती राहिली. रेघा मारलेलं पान, निळी शाई, आणि चित्रपटाचं नाव त्याच हस्ताक्षरात, हिशेबाच्या ओळींमध्ये एक ओळ होऊन.

पान जबरदस्त होतं. अडचण एवढीच की पाहणाऱ्या प्रत्येकाला ते माहितीपटाचं पोस्टर वाटलं, आणि तिचा चित्रपट गोष्टीचा होता, एका नवरा-बायकोची गोष्ट. लोक काहीतरी वेगळं मनात धरून आले असते. आम्ही त्या पानाभोवती बराच वेळ बसलो. कुणी म्हणालं कोपऱ्यात बायकोचा चेहरा टाक, कुणी म्हणालं टॅगलाइन दे. तिने दोन्ही नाकारलं. शेवटी तिने पानाच्या तळाशी अंगठा घेतला. पुढच्या प्रिंटमध्ये तो अंगठा फासला गेलेला होता, निळा ठसा उजवीकडे ओढलेला, अर्ध्या ओळीवर पसरलेला, जसा कुणीतरी हात हिसकावून घेतल्यावर उठेल तसा. त्या फासलेल्या शाईने कागदाची गोष्ट केली. तिथे माणूस आला, त्याची ना आली. एवढ्याने पाहणाऱ्याला कळायला लागलं की हे कुणाचं तरी नाट्य आहे.

ते पोस्टर पूर्णपणे सुटलं असं मी म्हणणार नाही. फोनवर छोटं झालं की ठसा डागासारखा दिसतो आणि नाव हिशेबात हरवतं. ती म्हणते हरवू दे, आमची नावं तिथे हरवतातच. एक पोस्टर करणारी बाई म्हणून मला नाव ठळक हवं आहे. तिचा चित्रपट बघितल्यावर मला तिचं म्हणणंही खरं वाटतं. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही, आणि ती आता पुण्यात दुसऱ्यांची पोस्टरं करते तेव्हाही मधूनच एखादा फोटो पाठवून विचारते, "मॅम, यात नाव दिसतंय का?"

यंदाच्या बॅचला मी सुरुवातीलाच एक काम दिलं आहे. पोस्टरवर जे जे आहे त्या प्रत्येकाशेजारी ते कुणासाठी आहे ते लिहायचं. प्रेक्षकासाठी, गटासाठी, परीक्षकासाठी, की फक्त सगळ्यांच्या पोस्टरवर असतं म्हणून. श्रेयनामावलीची पट्टी बऱ्याच जणांनी चौथ्या रकान्यात टाकली आणि स्वतःहून काढली. प्रेमकथा करणाऱ्या गटाने नायक-नायिकेचे पाठीला पाठ लावलेले फोटो ठेवले आहेत आणि शेजारी लिहिलंय, 'प्रेक्षकासाठी. याशिवाय त्यांना प्रेमकथा आहे हे कळणार नाही, मोडायचं ते आम्ही ट्रेलरमध्ये मोडणार आहोत.' मी त्यावर बरोबरची खूण केली आहे आणि खाली विचारलं आहे, ट्रेलरमध्ये नेमकं काय. पुढच्या आठवड्यात दाखवतो म्हणालेत.